एक तास पस्तीस मिनिटं

आमच्या शहराच्या विमानतळापासून मोठ्या शहराच्या विमानतळापर्यंतचं हवाई अंतर सहाशे चौदा किलोमीटर आहे. विमान हे अंतर हवेत एक तास दोन मिनिटांत कापतं. छापील वेळापत्रकात मात्र एक तास पस्तीस मिनिटं लिहिलेली असतात. मधली तेहतीस मिनिटं जातात कुठे, हा प्रश्न प्रवाशाला सहसा पडत नाही. तो तेवढ्या वेळात खिडकीतून पंख बघत असतो किंवा शेजाऱ्याच्या कोपराशी भांडत असतो. ती तेहतीस मिनिटं म्हणजे टाइमटेबलरावांची नोकरी होती.

त्यांना घरीदारी टाइमटेबलराव म्हणत. चौतीस वर्षं ते एका विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात होते आणि निवृत्त झाले तेव्हा विभागप्रमुख होते. ते समजावून सांगायचे की विमान आधी धावपट्टीपर्यंत सरपटतं, उतरल्यावर पुन्हा सरपटतं, त्याची सोळा मिनिटं रास्त आहेत. उरलेल्या सतरा मिनिटांबद्दल ते काही सांगायचे नाहीत. त्या सतरा मिनिटांना ऑफिसात ‘गादी’ म्हणत. विमान थोडं उशिरा सुटलं तरी गादीवर पडतं आणि वेळेवर पोहोचल्यासारखं दिसतं. वेळेवर सुटलं तर सतरा मिनिटं आधी पोहोचतं, मग विमानातून तशी घोषणा होते आणि प्रवाशांना वाटतं, वा, काय कंपनी आहे!

चौतीस वर्षं गाद्या घालणारा माणूस घरी येऊन चटईवर झोपत नाही. टाइमटेबलराव घरातही गादी घालत. नाटक सातला असलं तर ते सहा वीसला आहे असं सांगत. पाहुणे आठला यायचे असले तर बायकोला सात वीस सांगत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं सगळ्यांनी विश्वास ठेवला आणि रिकाम्या नाट्यगृहात बसून पडदा पाहिला. मग सगळे शहाणे झाले. टाइमटेबलरावांनी सांगितलेल्या वेळेत चाळीस मिनिटं मिळवायची, हा हिशोब त्या कुटुंबात मुलं पाढ्यांच्या आधी शिकत. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळं कुटुंब ताई म्हणे, त्या तर “निघू या” ऐकल्यावर केस धुवायला जात.

गंमत अशी की टाइमटेबलरावांनी हे कधी कबूल केलं नाही.

“दाजी, खरं सांगा, किती गादी घातलीय?” ताईंचा धाकटा भाऊ दरवेळी विचारी.

“गादी वगैरे काही नसतं. मी सांगतो ती वेळ असते.”

“असते हो. पण कुठल्या देशातली?”

यावर टाइमटेबलराव चष्मा पुसत. चष्मा पुसणारा माणूस खोटं बोलतोय की नुसताच दुखावलाय, हे सांगता येत नाही.

ताईंच्या किडन्या चार वर्षांपूर्वी गेल्या. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनला जोडून घ्यायचं, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं आणि उरलेल्या दिवसांत पाण्याचे घोट मोजायचे, असं त्यांचं आयुष्य झालं. आधी हाताची शीर काम देईना, मग दुसऱ्या हाताची. या उन्हाळ्यात डॉक्टरांनी टाइमटेबलरावांना एकट्याला आत बोलावलं आणि सांगितलं की आता सुई घालायला जागा फार उरलेल्या नाहीत. वर्षभर, फार तर दीड वर्ष. या आकड्यात गादी आहे का, हे विचारायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही.

किडनी बसवण्याची सोय आमच्या शहरात नव्हती. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयाच्या यादीत ताईंचं नाव होतं. यादीचा नियम सरळ होता. फोन आला की सहा तासांच्या आत रुग्णालयात हजर व्हायचं, नाहीतर किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला. नाव घालताना एक अर्ज भरावा लागला. त्यात प्रश्न होता, ‘घरापासून रुग्णालयात पोहोचण्यास लागणारा एकूण वेळ.’

टाइमटेबलरावांनी सवयीने हिशोब केला तर साडेसहा तास झाले. साडेसहा लिहिले असते तर अर्ज तिथल्या तिथे बाद. म्हणून त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एकेक गादी काढून फेकली. घरातून निघायची, रस्त्यावरची, विमानतळावरची, हवेतली. उरले चार तास चाळीस मिनिटं. हाडंच राहिली. तो कागद त्यांनी नीट अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवला. ‘फोन आल्यापासून चाळीस मिनिटांनी गाडी दारात,’ ही त्यातली दुसरी ओळ होती.

या कागदात गादी नाही, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर इतर कागदांत असते हे कबूल करावं लागलं असतं. चौतीस वर्षांची अब्रू एका फ्रिजपायी कोण घालवील?

फोन मंगळवारी सकाळी दहा वीसला आला.

“काका, मी रुग्णालयातून बोलतेय, समन्वयक. काकूंसाठी किडनी आहे. चार वीसपर्यंत इथे पोहोचाल?”

“पोहोचू,” टाइमटेबलराव म्हणाले. “तीनला तिथे असू.”

“नक्की?”

“मी वेळापत्रक विभागात होतो,” ते म्हणाले. समन्वयक बाईंना यातलं काही कळलं नसावं, पण आवाजावरून पटलं.

चार मिनिटांत त्यांनी बारा पन्नासच्या विमानाची दोन तिकिटं फोनवरच काढली, जागा घेतल्या. मग मेहुण्यांना फोन लावला. टाइमटेबलरावांना स्वतःला गाडी येत नव्हती. ज्यांनी चौतीस वर्षं विमानं हलवली त्यांनी क्लच कशाला दाबावा, असं त्यांचं मत होतं. मेहुण्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. न्यायला तेच येणार, हे वर्षापूर्वीच ठरलं होतं.

“फोन आला. किडनी आहे. बरोबर अकराला दारात ये.”

“काय सांगता! ताईला फोन द्या. नको, राहू द्या, येतोच. अकराला ना? आलो!”

मेहुण्यांचा ताईंवर जीव होता. ते ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं शेजारी बसलेल्या शिकाऊ बाईंनी नंतर सांगितलं. पण अकरा म्हणजे अकरा चाळीस, हे त्यांच्या हाडामांसात इतकं भिनलं होतं की मनाने हिशोब केल्याचंही त्यांना कळलं नाही. त्या बाईंचं गाडी मागे घेणं तेवढं पुरं करून टाकू, असा विचार त्यांनी केला. बाईंची मागच्याच आठवड्यात एका कुंपणाशी ओळख झाली होती.

इकडे ताई न्हाणीघरात गेल्या.

“अगं, अकराला निघायचंय!”

“हो, ऐकलं. केस तरी ओले करू द्या. मग महिनाभर पाणी लागायचं नाही डोक्याला.”

“अकराला म्हणजे अकराला!”

“नेहमी तसंच असतं तुमचं,” आतून प्रेमाने उत्तर आलं आणि नळ सुरू झाला.

अकराला टाइमटेबलराव पिशवी घेऊन दारात उभे होते. अकरा आठला त्यांनी फोन केला. “निघालोच,” मेहुणे म्हणाले. अकरा वीसला केला. “सिग्नलला आहे.” जगात इतके सिग्नल नसतील जितके त्या वीस मिनिटांत मेहुण्यांना लागले. अकरा पंचवीसला टाइमटेबलरावांनी टॅक्सी मागवली. टॅक्सी पंधरा मिनिटांत येईल असं फोनवर दिसलं. एरवी त्यांनी त्या पंधरांतले किती खरे हे मनात मोजलं असतं. आज त्यांना मोजता येईना. ताई ओले केस पाठीवर टाकून शेजारी उभ्या होत्या.

“येईल हो. अजून वेळ आहे,” ताई म्हणाल्या.

“वेळ नाहीये.”

“तुम्ही तरी आणखी पाऊण तास धरून ठेवलाच असेल की.”

ताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांचा संसार होता, चेहरा वाचायला चष्मा लागत नव्हता.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “धरलाय ना?”

अकरा एकोणचाळीसला मेहुण्यांची गाडी दारात आली. डोक्यावर ‘शिकाऊ’ अशी लाल पाटी आणि चेहऱ्यावर एक मिनिट लवकर आल्याचा आनंद.

गाडीत टाइमटेबलराव पुढे बसले. शिकवणाऱ्याच्या गाडीत त्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्यांना हवं होतं त्याच्या नेमकं उलट काहीतरी त्यांच्या पायाखाली होतं.

“दाजी, असे काय बसलात? किती वेळ हातात आहे?”

“नाही.”

“म्हणजे, गादी धरून?”

“गादी नाहीये,” टाइमटेबलराव म्हणाले. “या वेळी घातली नव्हती.”

मग मेहुणे अगदी बारीक आवाजात म्हणाले, “म्हणजे इतर वेळी होती?”

“होती.”

“मग सांगायचं ना दाजी! एकदा, एकदा सांगायचं! ‘आज खरी वेळ आहे’ एवढं म्हटलं असतं तरी मी त्या बाईला कुंपणासकट सोडून आलो असतो!”

“अकरा म्हणजे अकरा, असं मी—”

“ते तुम्ही रोज म्हणता!”

“पिंट्या, गाडी चालव,” मागून ताई म्हणाल्या.

पिंट्या एक्कावन्न वर्षांचे होते. त्यांनी गाडी चालवली. सव्वीस वर्षांत त्यांनी पिवळा दिवा लागल्यावर गाडी पुढे काढली नव्हती. आज लाल लागल्यावर काढली. एकदा चुकीच्या बाजूने घातली. मागचे लोक शिव्या घालत होते आणि डोक्यावरची पाटी बघून हसतही होते. मेहुण्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा एकही हात रिकामा नव्हता.

बारा वीसला ते विमानतळाच्या दारात उतरले. मेहुणे गाडीतच थांबले, म्हणजे थांबावंच लागलं, तिथला शिपाई शिट्टी फुंकत होता. तपासणीच्या रांगेत टाइमटेबलराव ज्याला त्याला म्हणत होते, “आम्हाला जाऊ द्या, यांची किडनी आहे.” लोकांनी वाट दिली. एक गृहस्थ तर पट्टा काढलेल्या अवस्थेत, पँट धरून बाजूला झाले. ताईंना पळता येत नव्हतं. त्या चालत होत्या आणि दर वीस पावलांवर भिंतीला हात लावत होत्या. मदतीची चाकाची खुर्ची मागवली, ती पाच मिनिटांत येते म्हणाले. टाइमटेबलरावांना त्या पाचांचीही किंमत माहीत होती.

बारा सदतीसला ते गेटवर पोहोचले. दार बंद होतं. काचेपलीकडे विमान उभं होतं, पूल अजून त्याला चिकटलेला होता.

“गेट बंद झालं, सर,” गेटवरच्या मुलीने सांगितलं. “उड्डाणाच्या पंचवीस मिनिटं आधी बंद होतं.”

“मला माहीत आहे. तो नियम मी लिहिलाय.”

“सर?”

“पंचवीसातली बारा मिनिटं नुसती आहेत! मी घातलीत ती! ते विमान बारा पन्नासपर्यंत हलणार नाही, बघा तुम्ही. दार उघडायला चाळीस सेकंद लागतात. ही माझी बायको आहे. हिला तीनला—”

मुलगी चांगली होती. तिने फोन उचलला, कुणाशी तरी बोलली, पाठ फिरवून पुन्हा बोलली, आणि वळली तेव्हा तिचा चेहराच उत्तर होता. यादी बंद झाली होती, वजनाचे कागद कप्तानाकडे गेले होते. टाइमटेबलराव त्या कागदांबद्दलही बरंच बोलू शकले असते. त्यांनी काचेवर दोन्ही तळवे टेकवले. तेरा मिनिटं ते विमान त्यांच्यासमोर उभं होतं. मग बारा पन्नासला, अगदी वेळेवर, मागे सरकलं.

पुढचं विमान दोन दहाला होतं. त्याची तिकिटं त्यांनी तिथेच उभ्याने काढली. काढून होताहेत तोच समन्वयक बाईंचा फोन.

“काका, विमानात बसलात?”

“चुकलं. दोन दहाचं घेतोय.”

पलीकडे कागद हलल्याचा आवाज आला.

“काका, नीट ऐका. ही किडनी काल संध्याकाळपासून बर्फात आहे. चार वीसच्या पुढे डॉक्टर थांबणार नाहीत. मी दहा मिनिटं मागून पाहिली, नाही मिळाली. यादीतले दुसरे पेशंट इथलेच आहेत, त्यांना बोलावून ठेवलंय. काकूंचं मशीन कालच झालंय, पण त्यांना आधी मशीनवर घ्यावं लागेल, तयारीला तीन तास लागतात. म्हणजे मला आत्ता ठरवावं लागेल. तुमच्यासाठी थांबले आणि तुम्ही आला नाहीत, तर मग ती कुणालाच नाही. मला एक वेळ सांगा. किती वाजता याल?”

“एक मिनिट,” टाइमटेबलराव म्हणाले आणि फोनवर हात ठेवला.

हिशोबाला मिनिटही लागलं नाही. दोन दहाला सुटलं, सोळा सरपटण्याची, बासष्ट हवेतली, तीन अठ्ठावीस. सामान नाही, आठ मिनिटांत बाहेर. रस्ता मोकळा मिळाला तर बेचाळीस. चार अठरा.

“काय आलं?” ताईंनी विचारलं.

“चार अठरा.”

“मग सांगा की!” ताईंनी त्यांच्या बाहीला धरलं. “दोन मिनिटं आहेत ना हातात? सांगा चार अठरा.”

“अगं, ते सगळं जमलं तर.”

“जमेल.”

“या मार्गाचं रजिस्टर मी ठेवायचो. दुपारचं विमान वेळेवर सुटून, उतरल्यावर उभं राहायला जागा लगेच मिळून... शंभर दिवसांत सहा दिवस.”

“मग आज त्यातला असेल.”

“बाकी दिवशी पावणेपाच होतात.”

“अहो, जन्मभर तुम्ही वाटेल ती वेळ सांगितलीत लोकांना!” ताईंचा आवाज चिरला. आजूबाजूचे दोन-चार लोक वळले. “नाटकाची खोटी, पाहुण्यांची खोटी, विमानांची खोटी! एकदा माझ्यासाठी सांगा. मला ते मशीन नको आहे आता. मला नको आहे हो. सांगा ना चार अठरा.”

ताईंनी चार वर्षांत एकदाही ‘नको’ म्हटलं नव्हतं. मशीनला ‘आमचे हे’ म्हणून त्या थट्टा करत. टाइमटेबलरावांनी फोनवरचा हात काढला.

“काका?”

“चार अठरा,” टाइमटेबलराव म्हणाले.

“यात काही पुढेमागे होईल?”

टाइमटेबलरावांनी चष्मा काढला. पुसायला नव्हे, त्यांना दिसत नव्हतं म्हणून. तीन तास तयारी करावी लागणारा, त्या शहरातल्या कुठल्यातरी बाकावर बसून याच फोनची वाट पाहणारा माणूस कसा असेल, हे त्यांना दिसत होतं असंही नाही. त्यांना फक्त रजिस्टर दिसत होतं. त्यांच्याच अक्षरातलं.

“होईल,” ते म्हणाले. “चार अठरा धरू नका. पावणेपाच.”

“नक्की काका?”

“पावणेपाच. त्यांना तयार करा.”

मग समन्वयक बाई हळू आवाजात म्हणाल्या, “तुमचा नंबर यादीत आहे तसाच राहील. आणि काकूंना काहीतरी खायला द्या. सकाळपासून उपाशी असतील.”

फोन बंद झाला. ताईंनी बाही सोडली होती. त्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि समोरच्या रिकाम्या काचेकडे बघत होत्या.

“सहा दिवस होते,” त्या म्हणाल्या. “सहा म्हणजे शून्य नव्हे.”

“नाही.”

“तुम्ही माझा नवरा आहात की त्या पुढच्या माणसाचे कोण?”

टाइमटेबलरावांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि ताईंच्या मांडीवर ठेवला. ताईंनी तो हातानेच बाजूला सारला. मेहुण्यांचे फोन येत होते, एक उचलला गेला नाही, दुसराही नाही. तिसऱ्याला टाइमटेबलरावांनी “थांब तिथेच,” एवढं सांगितलं.

दोन दहाच्या विमानाची घोषणा झाली. त्यांची दोन्ही नावं पुकारली गेली, मग पुन्हा पुकारली गेली. मघाची मुलगी त्यांच्याकडे बघत होती. टाइमटेबलरावांनी मानेने नाही म्हटलं.

“इथेच बसू या,” ताई म्हणाल्या. “बघू तरी कधी सुटतं.”

“कशाला?”

“बसा म्हणते ना.”

ते बसले. दार बंद झालं, पूल बाजूला झाला. दोन दहा झाले आणि विमान हललं. एक मिनिट पुढे नाही, एक मागे नाही.

“वेळेवर सुटलं,” ताई म्हणाल्या.

“हो.”

“पण पुढचं सांगता येत नाही ना? उतरताना, रस्त्यावर?”

“नाही. नाही सांगता येत.”

टाइमटेबलरावांचा हात खिशातल्या फोनकडे गेला होता. विमान कुठे आहे, किती वाजता उतरेल, उतरलं, सगळं त्यावर दिसतं. ताईंनी त्यांचं मनगट धरलं. सकाळपासूनच्या दमणुकीनंतर त्या हातात एवढा जोर कुठून आला, कोण जाणे.

“बंद करा तो,” त्या म्हणाल्या. “किती वाजता उतरलं ते तुम्ही बघायचं नाही. मलाही नको आहे. उद्या नाही, कधीच नाही. आपल्याला ते माहीत नाही. कळलं?”

“कळलं.”

“बंद करा माझ्यासमोर.”

त्यांनी केला. पडदा काळा होईपर्यंत ताईंनी मनगट सोडलं नाही. मग पुडा ओढून घेतला, फोडला, एक बिस्कीट तोंडात घातलं आणि चावताना त्यांना रडू आलं. टाइमटेबलराव शेजारी बसून राहिले. काचेपलीकडे विमान धावपट्टीच्या दिशेने सरपटत निघालं होतं.